ताऱ्यासारखा दिसतो, पण तारा नाही: क्वेसारांची यादी कशी तयार होते?

१९ मार्च २०२५ रोजी ‘डेसी’ या प्रकल्पाने आपला पहिला मोठा माहितीसाठा सगळ्यांसाठी खुला केला. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात किट पीक नावाच्या डोंगरावर ४ मीटर व्यासाची दुर्बीण आहे, तिच्यावर हा प्रकल्प चालतो. या साठ्यात १ कोटी ८७ लाख खगोलीय वस्तू आहेत आणि त्यांतले सुमारे १६ लाख क्वेसार आहेत. विश्वाच्या प्रसरणाला वेग देणारी डार्क एनर्जी काळानुसार बदलत असावी, असे संकेतही त्याच दिवशी या गटाने मांडले. वर्तमानपत्रांचे मथळे अर्थातच त्या बातमीने घेतले. पण तो निष्कर्ष ज्या याद्यांवर उभा आहे त्या याद्या कशा बनतात, हे क्वचितच कुणी सांगतं. अब्जावधी प्रकाशवर्षांवरच्या ठिपक्याला ‘हा क्वेसार, आणि तो इतका दूर’ असं कुणी कशाच्या बळावर म्हणतं? क्वेसारांपुरतं या प्रश्नाचं उत्तर इथे नीट पाहू.

क्वेसार म्हणजे काय?

आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या प्रचंड समूहाला दीर्घिका म्हणतात. बहुतेक मोठ्या दीर्घिकांच्या मध्यभागी एक महाकाय कृष्णविवर असतं. त्याचं वस्तुमान सूर्याच्या लाखो पटींपासून अब्जावधी पटींपर्यंत असू शकतं. भोवती वायू नसेल तर ते निपचित पडून असतं. वायू मिळाला की तो सरळ आत पडत नाही. कृष्णविवराभोवती त्याची फिरती तबकडी तयार होते, तिच्यातल्या थरांचं एकमेकांशी घर्षण होतं आणि ती तबकडी प्रचंड तापून झगझगू लागते. ही झगझगणारी तबकडी म्हणजे क्वेसार. प्रकाश येतो तो कृष्णविवरातून नव्हे, त्याच्या उंबरठ्यावरून.

हा उजेड किती असतो याची कल्पना एका तुलनेतून येईल. सूर्यात हायड्रोजनचं हेलियम होताना वस्तुमानाचा जेमतेम ०.७ टक्का भाग ऊर्जेत बदलतो. कृष्णविवराकडे ओढल्या जाणाऱ्या वायूच्या बाबतीत हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास जातं. त्यामुळे दीर्घिकेच्या मानाने कणभर जागा व्यापणारी तबकडी अख्ख्या दीर्घिकेतल्या ताऱ्यांपेक्षा जास्त प्रकाश देते. इतक्या दुरून आपल्याला भोवतालची दीर्घिका दिसत नाही. दिसतो तो फक्त एक टिंबाएवढा ठिपका, अगदी ताऱ्यासारखा. यादी बनवणाऱ्यांची सगळी अडचण इथूनच सुरू होते.

फोटो इतके स्वच्छ येतात, मग आणखी काय हवं?

आकाशाच्या फोटोत क्वेसार आणि तारा शेजारी ठेवले तर दोन्ही ठिपकेच दिसतात. रंगावरून अंदाज बांधता येतो. बरेचसे क्वेसार साध्या ताऱ्यांपेक्षा जास्त निळे असतात आणि अतिनील प्रकाशात ठळक दिसतात. पण श्वेतबटू, म्हणजे म्हातारपणी आकसलेले तप्त तारेही तसेच निळे असतात. शिवाय अंतराच्या एका विशिष्ट टप्प्यावर क्वेसारांचे रंग साध्या ताऱ्यांच्या रंगांशी तंतोतंत जुळतात. तिथे रंगावर विसंबलं तर हाती लागतात ते मुख्यतः तारे, आणि खरे क्वेसार निसटून जातात.

याचं सणसणीत उदाहरण २०२४ मध्ये समोर आलं. जे०५२९-४३५१ हा तोवर सापडलेला सर्वांत तेजस्वी क्वेसार. त्याचं कृष्णविवर सूर्याच्या सुमारे १७ अब्ज पट जड आहे आणि दिवसाला साधारण एका सूर्याएवढा वायू गिळतं. हा ठिपका १९८०च्या फोटोंमध्येही होता! ताऱ्यांच्या जागा मोजणाऱ्या गाया उपग्रहाच्या माहितीवर चाललेल्या संगणकीय वर्गीकरणाने तर त्याला जवळपास खात्रीने तारा ठरवलं होतं, कारण एवढा तेजस्वी क्वेसार त्या प्रणालीच्या शिकवणीत बसत नव्हता. ऑस्ट्रेलियातल्या सायडिंग स्प्रिंगच्या २.३ मीटर दुर्बिणीने २०२३ मध्ये त्याच्या प्रकाशाचं विश्लेषण केलं, तेव्हा खरं काय ते कळलं.

या विश्लेषणातून मिळणाऱ्या आलेखाला वर्णपट म्हणतात. आलेला प्रकाश त्याच्या रंगांमध्ये फोडायचा आणि कोणत्या तरंगलांबीला किती उजेड आहे हे मोजून आलेख काढायचा. तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये मोजतात. निळ्या प्रकाशाची साडेचारशेच्या आसपास, लाल प्रकाशाची साडेसहाशेच्या पुढे. प्रत्येक मूलद्रव्य ठराविक तरंगलांब्यांवरच प्रकाश देतं किंवा शोषतं. हायड्रोजनच्या या रेषा प्रयोगशाळेत दशांश स्थळांपर्यंत मोजलेल्या आहेत. ताऱ्याच्या वर्णपटात सहसा बारीक काळ्या रेषा असतात. क्वेसारच्या वर्णपटात रुंद, उंच डोंगर दिसतात, कारण कृष्णविवराजवळचा वायू सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने फिरत असतो आणि त्या वेगामुळे रेषा पसरट होतात. एकदा हा आलेख समोर आला की गफलतीला फारशी जागा उरत नाही.

तीन आकड्यांचा हिशेब

१९६३च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियात खगोलशास्त्रज्ञ मार्टेन श्मिट यांच्यासमोर असाच एक वर्णपट होता. ‘३सी २७३’ नावाच्या रेडिओस्रोताच्या जागी ताऱ्यासारखा एक ठिपका दिसत होता, आणि त्याच्या प्रकाशातल्या रेषा कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळत नव्हत्या. तीन ठळक रेषा साधारण ४७५, ५०३ आणि ५६३ नॅनोमीटरवर होत्या.

मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर काढा. हायड्रोजनच्या प्रयोगशाळेतल्या तीन रेषा ४१०, ४३४ आणि ४८६ नॅनोमीटरवर असतात. आता ४७५ला ४१०ने भागा, ५०३ला ४३४ने, ५६३ला ४८६ने. तिन्ही वेळा उत्तर १.१६च्या अगदी जवळ येतं. म्हणजे रेषा हायड्रोजनच्याच होत्या, फक्त सगळ्या एकाच प्रमाणात ताणल्या गेल्या होत्या.

हार्मोनियमवर रोजची आरती काळी चारमधून पांढरी एकमध्ये उतरवली तर प्रत्येक सूर खाली जातो. पण सुरांमधलं परस्पर प्रमाण तसंच राहतं, म्हणून चाल लगेच ओळखू येते. आणि चाल ओळखली की पट्टी किती उतरली हेही सांगता येतं. श्मिटनी नेमकं हेच केलं: आधी चाल ओळखली, मग उतरलेली पट्टी मोजली.

या उतरण्याला ताम्रसृती किंवा रेडशिफ्ट म्हणतात, कारण तरंगलांबी वाढली की प्रकाश लाल बाजूला सरकतो. वरच्या गुणोत्तरातून १ वजा केला की ताम्रसृती मिळते. ३सी २७३साठी ती ०.१५८ आहे. प्रकाश प्रवासात असताना विश्व प्रसरण पावत राहतं आणि प्रकाशाची तरंगलांबीही त्याबरोबर ताणली जाते. जितका लांबचा प्रवास तितका जास्त ताण. ३सी २७३चा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे २ अब्ज वर्षं लागली. एवढ्या दूर असूनही कन्या राशीतला हा ठिपका अंधाऱ्या गावाकडून आठ इंची हौशी दुर्बिणीतून दिसू शकतो. एप्रिल-मेच्या रात्री ज्यांना शक्य आहे त्यांनी जरूर पाहावा. त्याच्याकडून येणारा प्रकाश निघाला तेव्हा पृथ्वीवर फक्त सूक्ष्मजीव होते.

एकेक करून किती मोजणार?

श्मिटच्या काळात दुर्बीण एका ठिपक्यावर रोखायची, वर्णपट घ्यायचा आणि मग दुसऱ्याकडे वळायचं. या गतीने लाखोंची यादी कधीच झाली नसती. हे चित्र बदललं ते स्लोन डिजिटल स्काय सर्व्हेने. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात अपाचे पॉइंट इथे, समुद्रसपाटीपासून सुमारे २,८०० मीटर उंचीवर, त्यांची २.५ मीटर व्यासाची दुर्बीण आहे. जगातल्या मोठ्या दुर्बिणींपुढे ही लहानच. पण तिला एका वेळी ३ अंश रुंद आकाश दिसतं, म्हणजे सहा पौर्णिमेचे चंद्र एका ओळीत मांडता येतील एवढं.

काम दोन टप्प्यांत चालायचं. आधी पाच वेगवेगळ्या रंगांच्या गाळण्यांमधून, म्हणजे फिल्टरांमधून, आकाशाचे फोटो. त्यांतून रंगांच्या आधारे संशयित निवडायचे. मग आकाशाच्या त्या तुकड्यासाठी सुमारे ८० सेंटिमीटर व्यासाची आणि ३ मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची तबकडी बनवायची. सिॲटलमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठात तिच्यावर भोकं पाडली जात. प्रत्येक भोक एकेका संशयिताच्या नेमक्या जागी. सुरुवातीला एका तबकडीवर ६४० भोकं असत, २००९पासून १,०००. दिवसा वेधशाळेतले तंत्रज्ञ त्या प्रत्येक भोकात हाताने काचेचा तंतू, म्हणजे फायबर खोचत. कोणता तंतू कोणत्या भोकात गेला हे लक्षात ठेवायची गरज नसे. खोचून झाल्यावर एक यंत्र प्रत्येक तंतूतून उजेड सोडून तो कुठल्या भोकातून बाहेर पडतो हे टिपून घ्यायचं. रात्री तबकडी दुर्बिणीला लावली की हजार ठिकाणचा प्रकाश हजार तंतूंमधून वर्णपटमापकात शिरायचा. पंधरा-पंधरा मिनिटांची किमान तीन निरीक्षणं झाली की हजार वर्णपट हाती येत.

काही भोकं मुद्दाम रिकाम्या आकाशावर पाडलेली असत. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. रात्रीचं आकाश पूर्ण काळं नसतं, वातावरण स्वतः मंद चमकतं. अंधुक क्वेसारच्या प्रकाशात ही चमक मिसळलेली असते. रिकाम्या जागेचा वर्णपट वेगळा घेऊन तो वजा केला नाही तर आपल्याच हवेतली रेषा दूरच्या क्वेसारची म्हणून यादीत जाऊन बसेल.

आता तबकड्यांचा जमाना संपला आहे. डेसीमध्ये ५,००० छोटे यांत्रिक हात तंतूंची टोकं हव्या त्या जागी सरकवतात, तेही काही मिनिटांत. स्लोननेही आता असेच ५०० हात बसवले आहेत.

यादी वाढत गेली, आणि माणसाचा डोळाही लागला

स्लोनच्या पहिल्या अधिकृत प्रकाशनातल्या यादीत १६,७१३ क्वेसार होते. २०१०च्या यादीत १,०५,७८३. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या सोळाव्या प्रकाशनाच्या यादीत ७,५०,४१४. प्रत्येक ओळीत जागा, वेगवेगळ्या गाळण्यांमधलं तेज आणि ताम्रसृती.

मधल्या बाराव्या प्रकाशनाच्या यादीत २,९७,३०१ क्वेसार आहेत, आणि त्यांतल्या प्रत्येकाचा वर्णपट कुणातरी माणसाने डोळ्यांनी तपासलेला आहे. या कामाचं नेतृत्व इझाबेल पारिस या खगोलशास्त्रज्ञ करत होत्या. संगणक एखाद्या रेषेला चुकीचं नाव देतो आणि अंतर कुठच्या कुठे जातं. कार्बनची रेषा हायड्रोजनची समजली तर काही अब्ज वर्षांचा फरक पडतो. पुढे संख्या इतकी वाढली की सगळं डोळ्यांनी तपासणं अशक्य झालं. तेव्हा माणसांनी आधी तपासलेले लाखो वर्णपट हेच संगणकाला शिकवण्याचं आणि त्याची परीक्षा घेण्याचं साधन ठरले. जे०५२९-४३५१चं उदाहरण लक्षात घेतलं तर ही परीक्षा किती गरजेची आहे ते कळतं.

या माहितीत ताम्रसृतीच्या बरोबरीने एक इशाऱ्याचा रकाना असतो. मोजमाप डळमळीत असेल तर तिथे तशी नोंद असते. माझ्या मते यादीचा विश्वासार्हपणा सगळ्यात जास्त त्या रकान्यात आहे.

यादीत जे नाही, त्याचं काय?

हा आक्षेप अगदी रास्त आहे. धुळीमागे लपलेले क्वेसार लाल आणि मंद दिसतात, ते निवडीतून गळतात. दोन संशयित आकाशात फारच जवळ असतील तर एका तबकडीवर दोघांनाही तंतू देता येत नाही, कारण तंतूंच्या जाड टोप्या एकमेकींना भिडतात. स्लोनमध्ये सुरुवातीला ही मर्यादा ५५ विकला होती, म्हणजे पूर्णचंद्राच्या रुंदीच्या साधारण तेहतिसाव्या भागाइतकी. अंधुक क्वेसार एका मर्यादेपलीकडे दिसतच नाहीत.

म्हणून यादीतल्या ओळी मोजून ‘विश्वात इतके क्वेसार आहेत’ असं कुणी म्हणत नाही. संशोधक संगणकात खोटे क्वेसार तयार करतात, त्यांना निवडीच्या याच चाळणीतून काढतात आणि कोणत्या अंतरावरचे, कोणत्या तेजाचे किती टक्के निसटतात ते मोजतात. मग खऱ्या आकड्यांत तेवढी दुरुस्ती करतात. ही दुरुस्ती शक्य होते, कारण निवडीचे नियम आधी ठरवून जाहीर केलेले असतात.

लाल सरकणं म्हणजे अंतर, हे कशावरून?

हा आक्षेप आपल्या जवळच्या माणसानेच जोरकसपणे मांडला होता. कोल्हापुरात जन्मलेले आणि पुण्यातल्या आयुका या संस्थेचे संस्थापक संचालक डॉ. जयंत नारळीकर. अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ हाल्टन आर्प यांनी जवळच्या दीर्घिकांच्या शेजारी जास्त ताम्रसृतीचे क्वेसार दाखवून दिले होते आणि ते त्या दीर्घिकांतूनच फेकले गेले असावेत, असं म्हटलं होतं. नारळीकर आणि पी. के. दास यांनी १९८०मध्ये त्यासाठी एक सिद्धान्त मांडला. नव्याने जन्मलेल्या द्रव्यातल्या कणांचं वस्तुमान आधी कमी असतं आणि काळाबरोबर वाढतं, असं मानलं तर अंतर कमी असूनही ताम्रसृती जास्त दिसू शकते. नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात गेले. रूढ मताला प्रश्न विचारत राहण्याची त्यांची वृत्ती शेवटपर्यंत टिकली.

बहुतेक शास्त्रज्ञांनी हा पर्याय स्वीकारला नाही, आणि त्याला ठोस कारणं आहेत. क्वेसारच्या वर्णपटात वाटेवरच्या दीर्घिकांमधल्या वायूने शोषलेल्या रेषाही दिसतात, आणि त्या दीर्घिकांची ताम्रसृती क्वेसारपेक्षा कमीच निघते. म्हणजे क्वेसार त्यांच्या मागे आहे. दुसरा पुरावा १९७९चा. आकाशात केवळ ६ विकला अंतरावर असलेल्या दोन क्वेसारांचे वर्णपट हुबेहूब सारखे निघाले. तो एकच क्वेसार होता. मधल्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने त्याचा प्रकाश वाकवून दोन वाटांनी आणला होता. एका प्रतिमेत तेज कमीजास्त झालं की सुमारे ४१७ दिवसांनी दुसरीत तोच चढउतार दिसतो, कारण एक वाट लांबची आहे. क्वेसार त्या दीर्घिकेच्या बराच मागे नसता तर हे घडलंच नसतं. आणि मोठ्या याद्या हाती आल्यावर, आर्प यांच्या निवडक जोड्यांसारखी जवळीक लाखोंच्या संख्येत दिसते का हेही तपासलं गेलं. ती दिसली नाही. निवडक उदाहरणांवरचा वाद सोडवायला नियमाने केलेली यादी लागते, ती अशी.

लाखो कशाला? शंभर पुरले नसते?

क्वेसार कसा चालतो हे कळायला शंभर पुरले असते. विश्वाचा इतिहास कळायला पुरले नसते.

ताम्रसृती म्हणजे अंतर, आणि अंतर म्हणजे काळ. यादीतले क्वेसार काळानुसार मांडले की दिसतं, क्वेसारांचा सुकाळ १० ते ११ अब्ज वर्षांपूर्वी होता. त्यानंतर वायू संपत गेला, कृष्णविवरं उपाशी पडली आणि आज आपल्या परिसरात क्वेसार क्वचितच आढळतात. दुसऱ्या टोकाला काही फारच लवकर जन्मलेले आहेत. २०२१मध्ये जाहीर झालेला जे०३१३-१८०६ महास्फोटानंतर फक्त ६७ कोटी वर्षांनी सूर्याच्या १६० कोटी पट जड कृष्णविवर बाळगून होता. इतक्या थोड्या वेळात ते एवढं वाढलं कसं, हा आजचा जिवंत प्रश्न आहे. असे अतिदूरचे क्वेसार इतके विरळ असतात की आकाशाचा मोठा भाग चाळल्याशिवाय सापडत नाहीत.

मला सगळ्यात थक्क करणारा उपयोग वेगळाच वाटतो. दूरच्या क्वेसारचा प्रकाश वाटेत हायड्रोजनच्या असंख्य विरळ ढगांतून येतो. प्रत्येक ढग आपापल्या ताम्रसृतीनुसार एकेक बारीक रेषा शोषून घेतो. वर्णपटात अशा शेकडो रेषांची दाट रांग दिसते, तिला लायमन-आल्फा अरण्य म्हणतात. एक क्वेसार म्हणजे त्या दिशेने अंतराळात खुपसलेली एक सळई, आणि लाखो क्वेसार म्हणजे न दिसणाऱ्या वायूचा त्रिमिती नकाशा. या नकाशात द्रव्याच्या मांडणीत सुमारे ५० कोटी प्रकाशवर्षांचं एक ठराविक अंतर पुन्हा पुन्हा उमटलेलं सापडतं. बालविश्वातल्या ध्वनिलहरींचा तो ठसा आहे. ही मोजपट्टी निरनिराळ्या काळांत किती लहान-मोठी दिसते यावरून विश्व कोणत्या काळात किती वेगाने पसरलं ते काढता येतं. मार्च २०२५चे डार्क एनर्जीचे संकेत अशाच मोजमापांतून आले. ते अजून सिद्ध झालेले नाहीत.

एकच क्वेसार पुन्हा पाहण्याचाही फायदा झाला. २०००मध्ये स्लोनने टिपलेल्या एका क्वेसारचे रुंद डोंगर २०१०च्या वर्णपटात जवळपास नाहीसे झाले होते. दहा वर्षांत क्वेसार विझत जातो हे कुणाच्या गणितात बसत नव्हतं.

आपल्या रोजच्या जगण्याशी याचा संबंध?

आहे, आणि सरळ आहे. क्वेसार इतके दूर आहेत की आकाशात त्यांच्या जागा हलत नाहीत. पृथ्वीचा आस कुठे झुकलाय, दिवस किती मिलिसेकंदांनी लांबलाय हे मोजायला त्यांच्याइतक्या स्थिर खुणा दुसऱ्या नाहीत. २०१९पासून वापरात असलेल्या आंतरराष्ट्रीय खगोलीय संदर्भ चौकटीत ४,५३६ रेडिओस्रोत आहेत आणि त्यांत बहुतांश क्वेसार किंवा त्यांचे भाऊबंद आहेत. उपग्रहांवरून रस्ता दाखवणाऱ्या यंत्रणांना पृथ्वीच्या फिरण्याची ही नेमकी मोजमापं लागतात. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. तिथे निरीक्षण करताना ३सी ४८, ३सी १४७ किंवा ३सी २८६ यांपैकी एखाद्याकडे अँटेना वळवून मोजमापाचं प्रमाण ठरवतात. हे तिन्ही क्वेसारच आहेत.

आणि ही सगळी माहिती फुकट आहे. स्लोनच्या स्कायसर्व्हर या संकेतस्थळावर कुणीही जाऊन हव्या त्या क्वेसारचा वर्णपट उघडू शकतं. शाळा-कॉलेजातल्या मुलांना एवढंच सांगा: २.५च्या आसपास ताम्रसृती असलेला एखादा क्वेसार निवडा. त्याच्या आलेखात निळ्या टोकाकडे जो सगळ्यात उंच डोंगर दिसेल त्याची तरंगलांबी वाचा (आलेखावर ती अँग्स्ट्रॉममध्ये असते, १०ने भागलं की नॅनोमीटर मिळतात), तिला १२१.६ने, म्हणजे हायड्रोजनच्या लायमन-आल्फा रेषेच्या प्रयोगशाळेतल्या तरंगलांबीने भागा आणि १ वजा करा. उत्तर यादीत छापलेल्या ताम्रसृतीशी जुळवून पाहा.